सरकारी लसीकरण की बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं वेळापत्रक? बाळासाठी निवड करताना

बाळंतपणानंतर बहुतेक घरांत दोन कागद येतात. एक माता-बाल संरक्षण कार्ड, सिस्टरने नाहीतर आशाताईने भरून दिलेलं. दुसरी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली लसीकरणाची पुस्तिका. दोन्हींत लसींची यादी असते आणि दोन्ही याद्या जुळत नाहीत. कार्डावर गोवर-रुबेला, पुस्तिकेत एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला). कार्डावर टायफॉइडचं नाव नाही, पुस्तिकेत सहाव्या महिन्यालाच टायफॉइड. आजी म्हणते, आमची सगळी पोरं सरकारी दवाखान्यातच टोचून आणली. सोसायटीतल्या मैत्रिणी म्हणतात, सरकारी डोसाने ताप येतो, लेकराला त्रास कशाला? पहिल्यांदाच आईबाप झालेली दोघं यात अडकतात, आणि त्या घोळात कधी कधी दीड महिन्याचा डोस दोन महिन्यांवर जातो. मला सगळ्यात जास्त काळजी या उशिराची वाटते, म्हणून हा आढावा.

माझं मत आधीच सांगते. ही निवड 'हे किंवा ते' अशी नाहीच. सरकारी यादीतली प्रत्येक लस वेळेवर पूर्ण व्हायलाच हवी; ती मनपाच्या दवाखान्यात घेतली की खासगीत, याने बाळाच्या संरक्षणात फारसा फरक पडत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत (पुस्तिकेतली यादी बहुधा तिचीच) ज्या जास्तीच्या लसी आहेत, त्यांतल्या दोन-तीन खरोखर मोलाच्या आहेत आणि पैसे खर्च करायचे तर तिथे करावेत. पैसा मर्यादित असेल तर पंचाईत इथेच होते: अनेक घरं फुकट मिळणाऱ्या लसींवर हजारो रुपये घालवतात आणि मग टायफॉइडच्या वेळी हात आखडतात.

याद्या कोण ठरवतं

सरकारी यादी म्हणजे सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम. देशात १९७८ मध्ये लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ पासून तो आजच्या नावाने चालतो. त्यात कोणती लस घ्यायची याचा सल्ला 'एनटागी' हा तज्ज्ञांचा राष्ट्रीय गट देतो. वर्षाला अडीच कोटींहून जास्त बाळांपर्यंत ही यादी पोचवायची असते. आज त्यात १२ रोगांविरुद्धच्या लसी आहेत. अकरा देशभर, आणि जपानी मेंदूज्वराची लस जिथे तो रोग आढळतो त्या जिल्ह्यांत. विदर्भातले काही जिल्हे आणि गोवा त्यात येतात.

दुसरी यादी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची, म्हणजे बोलण्यातल्या 'आयएपी'ची. बालरोगतज्ज्ञांच्या दोन जुन्या संघटना एकत्र येऊन १९६३ मध्ये मुंबईत ती स्थापन झाली; मुख्यालय आता नवी मुंबईत आहे. मुलांमधल्या संसर्गजन्य रोगांवर काम करणारी तिची वेगळी शाखा आहे आणि लसींसाठी एक सल्लागार समिती. ही समिती नव्या संशोधनानुसार जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचं वेळापत्रक सुधारत असते. इथे मी धरलेलं वेळापत्रक २०२३ चं आहे, ते २०२४ मध्ये संघटनेच्या 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात छापून आलं. तुमच्या डॉक्टरांच्या पुस्तिकेतली यादी बहुधा त्यावरूनच घेतलेली असते.

दोन्हीकडे बसलेले लोक अभ्यासूच आहेत, फक्त त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत. सरकारी गटाला विचारावं लागतं: या रोगाने देशात किती मुलं दगावतात, लसीचा साठा दरवर्षी पुरेल का, गडचिरोलीतल्या उपकेंद्रापर्यंत ती थंड पोचेल का, आणि तोच पैसा दुसरीकडे जास्त जीव वाचवील का? संघटनेची समिती विचारते: डॉक्टरांसमोर बसलेल्या या एका मुलाला आज देशात मिळणाऱ्या लसींपैकी कोणती द्यावी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर साहजिकच लांब होतं.

इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. कावीळ बची लस नव्वदच्या दशकात खासगी दवाखान्यांत दिली जात होती; सरकारी कार्यक्रमात ती २००२ मध्ये काही ठिकाणी प्रायोगिक म्हणून आली आणि २०११ मध्ये देशभर. हिबची (न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणाऱ्या एका जंतूवरची) लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत सुरू झाली, मग हळूहळू सगळीकडे. जुलाबाच्या विषाणूवरची रोटाव्हायरस लस २०१६ मध्ये, न्यूमोनियाच्या जंतूवरची न्यूमोकोकल २०१७ मध्ये, दोन्ही आधी मोजक्या राज्यांत. म्हणजे संघटना ज्या लसी सुचवते त्यांतल्या बऱ्याच काही वर्षांनी सरकारी कार्डावर येतात. तेव्हा आज पुस्तिकेत आहे आणि कार्डावर नाही म्हणून एखादी लस 'चोचले' ठरत नाही. उलट, सरकार देत नाही म्हणजे त्या रोगाचा धोका नाही, असंही होत नाही.

दीड, अडीच, साडेतीन: इथे पैसे वाचवा

पहिल्या साडेतीन महिन्यांत दोन्ही याद्या जवळपास सारख्याच आहेत. जन्मल्यावर क्षयावरची बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ बचा डोस. यातला कावीळ बचा डोस पहिल्या २४ तासांत पडायला हवा, कारण आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग तोच रोखतो. बाळंतपण छोट्या खासगी नर्सिंग होममध्ये झालं असेल तर 'कावीळ बचा डोस दिला का, कार्डावर लिहिला का' हे घरच्यांनी त्याच दिवशी विचारावं.

त्यानंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. सरकारीत हे पाचही पेंटाव्हॅलंटच्या एका इंजेक्शनात येतात. खासगीत त्यात पोलिओ घालून सहाची एकत्र लस मिळते. सरकारी दवाखान्यात दीड महिन्याच्या बाळाला तीन सुया बसतात: पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत आणि पोलिओचा छोटा डोस उजव्या दंडाच्या कातडीत. शिवाय पोलिओ आणि रोटाचे तोंडावाटे डोस. खासगीत सहाची एकत्र लस घेतली तर सुया दोनच. ज्या आईला बाळाचं रडणं बघवत नाही तिला हा फरक मोठा वाटतो, ते मी समजू शकते. पण तेवढ्यासाठी तीन भेटींचा खर्च ब्रँडनुसार वीस हजारांच्या पुढे जाऊ शकतो.

आता 'दुखणारी' आणि 'न दुखणारी' लस. सगळा फरक डांग्या खोकल्याच्या घटकाचा आहे. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये त्या जंतूची पूर्ण मृत पेशी असते. त्याने अंग दुखतं, एक-दोन दिवस ताप येतो, कधी मांडीत गाठ राहते. महागड्या लसीत त्या जंतूचे फक्त काही निवडक घटक असतात, त्यामुळे त्रास कमी. पण या कमी त्रासाची किंमत आहे. अमेरिकेने नव्वदच्या दशकात पूर्ण पेशीची लस सोडून दुसरी धरली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली, नऊ हजारांहून जास्त रुग्ण झाले आणि दहा तान्ही बाळं दगावली. निवडक घटकांच्या लसीचं संरक्षण लवकर ओसरतं हे त्यानंतरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून 'न दुखणारी' म्हणजे चांगल्या दर्जाची, ही समजूत डोक्यातून काढून टाका. पहिल्या तीन डोसांना पूर्ण पेशीची लस मला जास्त पटते. खासगीतही सहाची एकत्र लस दोन्ही प्रकारांत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची पूर्ण पेशीची आहे. आधीच्या डोसानंतर बाळाला झटका आला असेल किंवा ते सतत तासन्‌तास रडलं असेल, तर मात्र पुढचा डोस डॉक्टरांशी बोलूनच. साध्या तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल पुरतं. टोचलेल्या जागी हळद लावू नका, चोळू नका.

रोटाव्हायरसच्या लसीत तर अभिमान वाटावा असं बरंच आहे. दिल्लीच्या एम्समध्ये एका नवजात बाळात सापडलेल्या विषाणूवरून बनलेली भारतीय लस सरकारी कार्यक्रमात आली, नंतर सीरमचीही आली. फुकट मिळते आणि कामाची आहे. एकच काळजी घ्या: पहिला डोस वेळेवर. संघटनेच्या नियमाप्रमाणे रोटाचा पहिला डोस पंधरा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. सरकारी कार्यक्रम वर्षापर्यंत सवलत देतो. बाळ लहान असतानाच या जुलाबाने जास्त हाल होतात, तेव्हा सवलत आहे म्हणून उशीर करू नका.

न्यूमोकोकलमध्ये सरकारी वेळापत्रक दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना असं तीन डोसांचं आहे. संघटना तीन अधिक एक असे चार डोस सांगते. सरकारी पुरवठ्यातली, या जंतूच्या दहा प्रकारांवरची लस आशिया-आफ्रिकेत जास्त आढळणारे प्रकार पाहून बनवलेली आहे. खासगीतल्या लसींत प्रकार जास्त असतात. दमट खोलीत, चुलीच्या धुरात वाढणारं बाळ असो की सातव्या मजल्यावरचं, सरकारी तीन डोस वेळेत झाले तर आईबापांनी निर्धास्त असावं. इथे चौथा डोस विकत घेण्यापेक्षा तो पैसा टायफॉइडला ठेवा.

पोलिओचं इंजेक्शन सरकारीत पाव मिलिलिटरहूनही कमी, ०.१ मिलि, कातडीच्या आत देतात. म्हणून दंडावर छोटासा फुगवटा दिसतो. तीन वेळा: दीड महिना, साडेतीन महिने आणि, २०२३ पासून, नववा महिना. खासगीत पूर्ण ०.५ मिलि स्नायूत. कातडीतल्या छोट्या डोसानेही प्रतिकारशक्ती चांगली तयार होते आणि थेंबांची जोड असतेच. देशात शेवटचा रानटी पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला, आणि त्याचं मोठं श्रेय थेंबांच्या मोहिमांना आहे. खासगीत सगळं करणाऱ्यांनी पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जायचं सोडू नये. संघटनाही तेच सांगते.

'सरकारी लस उन्हात पडलेली असते' या भीतीबद्दल

ही भीती फार ऐकू येते आणि ती बहुतांशी निराधार आहे. सरकारी लसींना जिल्ह्यापासून उपकेंद्रापर्यंत शीतसाखळी आहे, दोन ते आठ अंशांत. पुढच्या वेळी लसीकरण सत्राला गेलात की सिस्टरला बाटली दाखवायला सांगा. लेबलवर किंवा झाकणावर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस ठीक. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाचा झाला की ती बाटली वापरायची नाही. आईबापांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी अशी ही सोय आहे आणि पाहायला मागितलं तर कुणी सिस्टर रागावत नाही. सिरिंजही एकदा वापरली की दांडा अडकतो, पुन्हा वापरताच येत नाही.

खासगी दवाखान्यात फ्रिज चांगला असतो की नाही, वीज गेल्यावर काय करतात, हे डॉक्टरांवर अवलंबून. मेडिकलमधून लस विकत आणून पिशवीत घेऊन दवाखान्यात जायची पद्धत मात्र टाळा.

सरकारीत एक अडचण खरी आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या बाटलीत भुकटी असते. द्रावण मिसळलं की चार तासांत वापरावी लागते. म्हणून बऱ्याच केंद्रांवर या लसींचे वार ठरलेले असतात. 'आज नाही, बुधवारी या' असं ऐकून कामाचा खाडा झालेल्या आईला परत पाठवलं जातं आणि डोस रखडतो. आदल्या दिवशी आशाताईंना फोन करून विचारलं की हा हेलपाटा वाचतो. आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, मग ते सरकारी असो वा खासगी.

टायफॉइड: इथे संघटनेची यादी सरस

सरकारी नियमित कार्डावर टायफॉइड नाही, आणि माझ्या मते आजच्या यादीतली सगळ्यात जाणवणारी उणीव तीच. हा रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही. पाण्याची टाकी, पाणीपुरी, शाळेचा नळ, कुठूनही येतो. महिनाभर शाळा बुडते, आतडं फाटण्यापर्यंत जाऊ शकतं, आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढले आहेत. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून अशाच जंतूची मोठी साथ झाली. त्यानंतर २०१९ मध्ये नियमित लसीकरणात टायफॉइडची संयुग्मित (जंतूच्या आवरणाचा अंश प्रथिनाला जोडून केलेली) लस आणणारा तो पहिला देश ठरला.

या लसीच्या कहाणीत महाराष्ट्राचं नाव सन्मानाने येतं. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना ही लस मोहीम काढून दिली, लाखाहून अधिक मुलांना. सरकारी यंत्रणेमार्फत अशी मोहीम जगात पहिल्यांदाच होत होती. ज्या मुलांना लस मिळाली त्यांच्यात टायफॉइड खूप कमी झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे सरकारी दवाखाने, आपल्याच सिस्टर आणि आपल्याच आशाताई हे करू शकतात, हे सिद्ध झालेलं आहे. ही लस राज्यभराच्या कार्डावर यावी असं मला मनापासून वाटतं.

तोवर खासगीत घ्या. संघटनेच्या वेळापत्रकात ती सहाव्या महिन्याला आहे. तेव्हा जमलं नाही तर दोन वर्षांनी, पाच वर्षांनीही देता येते. एक डोस. अतिरिक्त लसींपैकी एकच परवडणार असेल तर माझी निवड हीच.

गोवर-रुबेला की एमएमआर

गोवराची लस चुकवणं हा जिवाशी खेळ आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि मुंबईच्या इतर दाट वस्त्यांत गोवर पसरला, मुलं गेली, आणि आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं मोठ्या संख्येने होती. या बाबतीत सरकारी गोवर-रुबेला आणि खासगी एमएमआर यांत काही फरक नाही. फरक आहे तो फक्त गालगुंडाचा. सरकारचं म्हणणं असं की गालगुंड सहसा बरा होतो आणि त्याने मुलं दगावत नाहीत. संघटना बऱ्याच काळापासून म्हणते की कार्यक्रमात एमएमआर आणा, कारण गालगुंडाने कधी कान कायमचा जातो, मेंदूच्या आवरणाला सूज येते, वयात आलेल्या मुलांत अंडकोषाला सूज येते. २०२४ च्या सुरुवातीला केरळमध्ये मोठी साथ आली. मला संघटनेचं म्हणणं पटतं.

पण याचा अर्थ नवव्या महिन्याचा सरकारी डोस सोडा असा नाही. नवव्या महिन्याला गोवर-रुबेला सरकारीत घ्या, पंधराव्या महिन्याला खासगीत एमएमआर घ्या आणि पाचव्या वर्षी पुन्हा एक एमएमआर. म्हणजे गोवराचे तीन आणि गालगुंडाचे दोन डोस झाले. पंधराव्या महिन्याचा एमएमआर आशाताईंना दाखवून कार्डावर नोंदवून घ्या, नाहीतर बाळ 'दुसरा गोवर राहिलेलं' म्हणून यादीत दिसत राहतं. परिसरात साथ आली आणि मोहिमेत जादा डोस देत असतील तर तो बेलाशक घ्या. आधी घेतलेला असला तरी नुकसान काही नाही.

बाकीच्या चार

फ्लूची लस संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना दरवर्षी सांगते. पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस. पुण्याने २००९ ची साथ पाहिली आहे. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू तिथेच झाला, शाळेतल्या मुलीचा. दमा असलेलं, जन्मतः हृदयदोष असलेलं, पाळणाघरात जाणारं मूल असेल तर ही लस घ्याच. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून एप्रिल-मे योग्य. धडधाकट मुलाला दरवर्षी परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका.

कांजिण्या लहानपणी सहसा सौम्य, मोठेपणी तापदायक. पंधराव्या महिन्याला आणि नंतर तीन महिन्यांनी असे दोन डोस. कावीळ अ पूर्वी बहुतेकांना लहानपणीच, न कळत होऊन जायची. आता शुद्ध पाणी पिणारी मुलं तिच्यापासून वाचतात आणि मग पंधरा-विसाव्या वर्षी हॉस्टेलच्या मेसमध्ये जोरात आजारी पडतात. म्हणून फिल्टरचं पाणी पिणाऱ्या घरांत ही लस जास्त गरजेची.

एचपीव्हीची लस संघटना नऊ ते चौदा वयात दोन डोसांत सांगते. भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण होतात आणि ही लस त्याच्या मुळाशी असलेल्या विषाणूला अडवते. सीरमच्या भारतीय लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून किंमतही आवाक्यात आली. सरकारी धोरण या बाबतीत पुढे सरकतं आहे, तेव्हा आधी शाळेत आणि आरोग्य केंद्रात विचारा; तिथे मिळत असेल तर तिथेच घ्या. मुलगी दहा-अकराची झाली की हे मनावर घ्या, 'लग्नाच्या वेळी बघू' म्हणू नका.

मेनिंगोकोकलसारख्या (मेंदूज्वराच्या एका जंतूवरच्या) लसी पुस्तिकेत असतात, पण संघटना त्या सरसकट सगळ्यांना सांगत नाही. प्लीहा काढलेली मुलं, हजला जाणारे, परदेशी वसतिगृहात जाणारे, यांना सांगते. डॉक्टरांनी सुचवली तर 'आमच्या मुलाला कोणत्या कारणासाठी?' हे शांतपणे विचारा. लस विकून दवाखान्याला पैसे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही, कारण सांगतो.

पाच, दहा आणि सोळा

दोन्ही याद्यांत असूनही सगळ्यात जास्त विसरले जाणारे डोस हे. दीड वर्षाचा बूस्टर झाला की कार्ड कपाटात जातं. मग पाचव्या वर्षीचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर राहतो आणि दहाव्या-सोळाव्या वर्षीचं टीडी (धनुर्वात आणि घटसर्प) तर कुणाला माहीतही नसतं. घटसर्प आता पाच वर्षांवरच्या मुलांत जास्त दिसतो तो याचमुळे. सरकारीत हे तिन्ही फुकट आहेत, शाळेतही मिळतात. संघटना दहाव्या वर्षी टीडीऐवजी डांग्या खोकल्याचा घटक असलेला टीडॅप सुचवते. परवडत असेल तर चांगलं, नाहीतर टीडी घ्या, पण घ्या.

मध्ये कधी डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथे थांबलं तिथून पुढे. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी चालतात, एका दिवशी नाही झाल्या तर चार आठवडे अंतर. कमी दिवसांचं बाळ, प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल, स्टेरॉइडवर असलेलं मूल यांना मात्र या कुठल्याच यादीने नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने न्या.

परदेशी जाणार असाल तर

नोकरीनिमित्त अमेरिकेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची एक गोष्ट हमखास अडते. तिथल्या शाळा एमएमआरचे दोन डोस मागतात आणि वर्षाच्या आत दिलेला डोस धरत नाहीत. म्हणजे नवव्या महिन्याचा एमएमआरसुद्धा मोजला जात नाही, आणि गोवर-रुबेलाच्या डोसात गालगुंड नाही म्हणून तोही अपुरा. कांजिण्यांचे दोन डोसही बऱ्याच ठिकाणी लागतात. वाढदिवसानंतर दोन एमएमआर, मध्ये किमान चार आठवडे, असा हिशेब करून निघण्याच्या दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा. बीसीजी तिथे देत नाहीत. त्यामुळे क्षयाची कातडीवरची चाचणी आपल्या मुलांत उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. बीसीजी घेतल्याचं कार्डावर दाखवा आणि रक्ताची चाचणी करायला सांगा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणि कार्ड व पुस्तिका दोन्ही सोबत न्या, प्रत्येक डोसाची तारीख आणि लसीचं नाव स्वच्छ इंग्रजीत लिहून घेतलेलं.